रायफलच्या तोंडावरचा 'ब्रेक' : धक्का कमी, पण किंमत कोण मोजतो?

- प्रतिनिधी

अमेरिकेतील शस्त्रांच्या दुकानात गेलात, तर रायफलींइतकीच जागा त्यांच्या सुट्या भागांनी व्यापलेली दिसते. त्यात बोटभर लांबीचा, बाजूंना खाचा पाडलेला, काळ्या पोलादाचा एक तुकडा हमखास असतो. रायफलच्या नळीच्या टोकाला आट्यांवर तो फिरवून बसवायचा असतो. त्याला 'मझल ब्रेक' म्हणतात. गोळी झाडताना खांद्याला बसणारा धक्का कमी करणे हे त्याचे काम. तीस डॉलरपासून दीड-दोनशे डॉलरपर्यंत त्याची किंमत असते आणि प्रत्येक उत्पादक आपलाच ब्रेक सर्वांत प्रभावी असल्याचा दावा करतो. 'एआर-१५' या वर्गातील अर्धस्वयंचलित रायफल बाळगणाऱ्याने विकत घेतलेला पहिला सुटा भाग बहुधा हाच असतो, आणि सर्वांत कमी विचार करून घेतलेलाही हाच.

वास्तविक या एवढ्याशा तुकड्याच्या निवडीवर तीन गोष्टी अवलंबून असतात. झाडणाऱ्याचे आणि शेजाऱ्याचे कान, रायफलची सुरक्षितता आणि काही राज्यांत तर रायफल कायदेशीर आहे की बेकायदा, हेसुद्धा.

धक्का येतो कोठून?

न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सर्वांनीच घोकलेला असतो. गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, असे आपण म्हणतो. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. नळीतून केवळ गोळी बाहेर पडत नाही. जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो, आणि तो गोळीपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडतो.

'.२२३' या जातीच्या काडतुसाचे उदाहरण घेऊ. गोळीचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि वेग सेकंदाला साडेनऊशे ते हजार मीटर. मागची दारू दीड ते पावणेदोन ग्रॅम. तिचा वायू नळीच्या तोंडातून सेकंदाला सरासरी बारा-तेराशे मीटरने सुटतो असे धरले, तर रायफलला मागे ढकलणाऱ्या एकूण संवेगापैकी साठ टक्क्यांच्या आसपास वाटा गोळीचा आणि चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर वाटा वायूचा निघतो. गोळीच्या वाट्याबाबत काहीही करता येत नाही. वायूच्या वाट्याबाबत मात्र करता येते. सरळ पुढे निघालेला वायू आडव्या भिंतींवर आपटवून बाजूला, किंबहुना किंचित मागे वळवला, तर तो मागे ढकलण्याऐवजी रायफलला पुढे ओढू लागतो. ब्रेकमधील त्या खाचा आणि त्यांच्यामधल्या भिंती याचसाठी असतात.

ही कल्पना नवी नाही. तोफांना असे ब्रेक कितीतरी आधीपासून बसवले जात आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन 'टायगर' रणगाड्याच्या तोफेच्या टोकाशी दिसणारा फुगीर भाग हा ब्रेकच होता. आपल्याकडे राजकारणामुळे आणि पुढे १९९९ च्या कारगिल युद्धामुळे घराघरांत पोहोचलेल्या बोफोर्स तोफेचे छायाचित्र आठवून पाहा. नळीच्या टोकाशी असलेला छिद्रांचा जाड भाग म्हणजे मझल ब्रेकच. १९७४ साली सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या 'एके-७४' रायफलची ओळखच तिच्या टोकाच्या लांबट ब्रेकने होते. त्याआधीच्या 'एकेएम' रायफलला केवळ तिरका कापलेला नळीचा तुकडा होता. तो वायूला वर आणि उजवीकडे सोडून नळीला खाली व डावीकडे दाबत असे. दिसायला सोपा, पण सलग गोळ्या झाडताना उजव्या हाताच्या माणसाची नळी वर आणि उजवीकडे जाते हे ओळखून केलेला.

वरच्या हिशेबातून निवडीचा पहिला नियम आपोआप निघतो. ज्या काडतुसात गोळीच्या तुलनेत दारू भरपूर, तेथे ब्रेकचा उपयोग अधिक. '.३०८' काडतुसाची चार किलोची रायफल अठरा ज्यूलच्या आसपास धक्का देते, म्हणजे एक किलोचे वजन पावणेदोन मीटरवरून सोडल्यासारखा. तेथे ब्रेकचा फरक खांद्याला ताबडतोब कळतो. सव्वातीन किलोच्या '.२२३' रायफलचा धक्का जेमतेम पाच ज्यूल, म्हणजे तेच वजन अर्ध्या मीटरवरून सोडल्याइतका. येथे खांद्याच्या रक्षणाचा प्रश्नच नाही. ब्रेक घ्यायचा तो नळी जागची हलू नये, पहिल्या गोळीनंतर दुर्बिणीतील चित्र तसेच राहावे आणि दुसरी गोळी लवकर झाडता यावी म्हणून. पिस्तुलाचे ९ मिमी काडतूस वापरणाऱ्या अर्धस्वयंचलित कार्बाइनमध्ये दारू एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते. लांब नळीतून येईपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. तेथे ब्रेक फारसे काही करू शकत नाही. आणि '.२२ रिमफायर'च्या हलक्या रायफलवर बसवलेला ब्रेक हा तर निव्वळ दागिना. तरीही तो धडाक्याने विकला जातो, कारण खरेदीदाराला रायफलीच्या कामापेक्षा तिच्या दिसण्याचे अप्रूप अधिक असते.

टक्केवारीची जादू

'धक्का पन्नास टक्क्यांनी कमी' अशी जाहिरात पाहिली की प्रथम विचारावे, कशाचे पन्नास टक्के? समजा, एखाद्या ब्रेकने वर सांगितलेल्या '.२२३' रायफलमध्ये वायूचा वाटा निम्म्यावर आणला. एकूण संवेग सुमारे १९ टक्क्यांनी घटेल. पण धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तोच ब्रेक ऊर्जेच्या भाषेत ३४ टक्क्यांचा ठरतो. वस्तू एकच, चाचणी एकच, आकडे मात्र दोन. कोणता आकडा वेष्टनावर छापला जाईल हे वेगळे सांगावयास नको. दोन उत्पादकांच्या आकड्यांची तुलना करताना दोघांनी एकच राशी मोजली आहे काय आणि रायफल व काडतूस सारखेच होते काय, हे पाहिल्याखेरीज त्या तुलनेला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये खांद्याला जाणवणारा सगळा धक्का नळीच्या तोंडाशी जन्मत नाही. 'एआर' वर्गातील रायफलमध्ये नळीला मध्येच एक बारीक छिद्र असते. तेथून थोडा वायू मागे येऊन बोल्टची जोडणी मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि नवे आत ओढतो. हे छिद्र गरजेपेक्षा मोठे असेल, आणि रायफल कोणत्याही काडतुसावर चालावी म्हणून अनेक उत्पादक ते मोठेच ठेवतात, तर बोल्ट अतिवेगाने मागे येऊन दस्त्यात आपटतो. हा दुसरा ठोसा ब्रेकने जात नाही. कारण ब्रेकचे काम सुरू होते ते गोळी नळीबाहेर पडल्यावर, आणि मागे जाणारा वायू तोवर छिद्रातून निघालेला असतो. त्यासाठी वायूचे प्रमाण कमीजास्त करणारा ब्लॉक किंवा दस्त्यातील अधिक जड बफर हा उपाय. ज्याची रिकामी काडतुसे फार पुढे, जोराने फेकली जातात, त्याने ब्रेकवर शंभर डॉलर घालवण्यापूर्वी येथे लक्ष द्यावे. बफर तुलनेने स्वस्त पडतो आणि कोणाच्या कानाला त्रास देत नाही. उभे राहण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची; दस्ता खांद्यात नीट रुतवून, वजन किंचित पुढे टाकून उभे राहणाऱ्याला फुकटात जे मिळते ते ताठ उभ्या माणसाला महागड्या ब्रेकनेही मिळत नाही.

तीन भावंडे, तीन कामे

नळीच्या तोंडावर बसणारी सर्वच साधने ब्रेक नव्हेत. दिसायला ती चुलत भावंडे. गोंधळ होतो तो येथेच.

'फ्लॅश हायडर' म्हणजे ज्वाळा लपवणारे साधन. बाहेर पडणारा तप्त वायू हवेतील प्राणवायूशी मिसळून पुन्हा पेटतो. तो पेटू नये अशा रीतीने वायू फाकवणे एवढेच त्याचे काम. व्हिएतनाम युद्धाच्या प्रारंभी 'एम-१६' रायफलला तीन दात्यांचा उघडा हायडर होता. तो झाडाझुडपांत अडकू लागला म्हणून टोक बंद असलेला, पिंजऱ्यासारखा हायडर आला. ऐंशीच्या दशकातील 'ए-२' आवृत्तीत त्याच्या खालच्या खाचा बुजवण्यात आल्या. पडून गोळी झाडताना धूळ उडू नये हा त्यामागचा हेतू. नळी थोडी खाली दाबली जाते हा जोडीला मिळालेला लाभ. आजही बहुसंख्य 'एआर' रायफली हाच दहा-एक डॉलरचा पिंजरा लावून विकल्या जातात. अनेकांना त्याहून अधिक कशाचीच गरज नसते, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

'कॉम्पेन्सेटर' वायूला वरच्या बाजूने सोडतो आणि नळीचे उसळणे रोखतो. अमेरिकी मरिन दलातील रिचर्ड कट्स यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि थॉमसन सबमशीनगनवर १९२० च्या दशकात बसवलेला कॉम्पेन्सेटर या प्रकारातील प्रसिद्ध नमुना. येथे 'जास्त म्हणजे चांगले' हा न्याय लागू पडत नाही. वरची छिद्रे गरजेपेक्षा मोठी असली तर नळी प्रत्येक गोळीला खाली डुबकी मारते. वर उसळणाऱ्या नळीइतकीच ही डुबकीही नेमाला मारक असते. म्हणूनच स्पर्धकांसाठीच्या काही ब्रेकमध्ये छोटे स्क्रू बसवून छिद्रे उघडण्या-मिटण्याची सोय असते. आपल्या काडतुसाला आणि हाताला जुळेपर्यंत ती हळूहळू मोठी करत न्यायची.

तिसरा खुद्द ब्रेक. यातही कोनाला महत्त्व आहे. बाजूच्या खाचा जितक्या मागे झुकलेल्या तितका धक्का कमी. आणि तितकाच स्फोटाचा दाब झाडणाऱ्याच्या तोंडावर व शेजाऱ्याच्या अंगावर. नव्वद अंशांच्या सरळ खाचा हा मधला मार्ग. याच्या अगदी उलट टोकाला 'लिनिअर' प्रकार असतो. तो सगळा आवाज पुढे ढकलतो, धक्का मुळीच कमी करत नाही. पण आखूड नळीच्या रायफलमागे उभे राहणे सुसह्य करतो.

टेनेसीतील रॉनी बॅरेट यांनी १९८० च्या दशकारंभी तयार केलेल्या '.५०' व्यासाच्या अर्धस्वयंचलित रायफलला बाणाच्या टोकासारखा मोठा ब्रेक आहे. मशीनगनसाठी बनलेले काडतूस खांद्यावरून झाडायचे तर मागे झुकलेल्या त्या दोन कप्प्यांवाचून इलाज नाही. तिथे ब्रेक ही गरज आहे. तसाच ब्रेक '.२२३' वर बसवणे म्हणजे मोपेडला ट्रकचा हॉर्न लावणे.

किंमत शेजाऱ्याच्या कानाला

ब्रेक आवाज निर्माण करत नाही, तो आवाजाची दिशा बदलतो. पण ती दिशा माणसांकडे असते. साध्या '.२२३' रायफलचा आवाज नळीजवळ १६० डेसिबलच्या घरात असतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची पातळी मानली जाते. त्यापुढे एकाच आवाजाने कानाच्या आतील पेशींना कायमची इजा होऊ शकते आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ब्रेकमुळे झाडणाऱ्याच्या कानाशी पोहोचणारा आवाज आणखी काही डेसिबलने चढतो. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. सहा डेसिबल वाढले की दाब दुप्पट होतो. कानावर चढवायचे चांगले 'इअरमफ' वीस ते तीस डेसिबल कापतात, तेही चष्म्याच्या काडीने फट न ठेवली तर. वजाबाकी केली की उरते ती सीमारेषा. म्हणूनच ब्रेक असलेल्या रायफलवर कानात बोळे आणि वर इअरमफ अशी दुहेरी झाकण ही चैन मानू नये. छप्पर असलेल्या किंवा बंदिस्त नेमबाजी केंद्रात तर आवाज भिंतींवरून परततो.

शेजारच्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाने ब्रेक निवडलेला नसतो. त्याला लाभ शून्य आणि हवेचा धपका मात्र पुरेपूर. काही केंद्रे ब्रेक असलेल्या रायफलींना कडेची जागा देतात. शिकारीवर सोबत नेणाऱ्या वाटाड्यांची या साधनावर खप्पामर्जी असते ती याच कारणाने; नेम दाखवण्यासाठी त्यांना नळीच्या बाजूलाच बसावे लागते आणि शिकारी माणूस घाईत कानातले बोळे विसरतो. अंधारात वापर होणार असेल तर आणखी एक दोष लक्षात घ्यावा. ब्रेक ज्वाळा लपवत नाही, बहुधा वाढवतोच.

आटे जुळले म्हणजे ब्रेक जुळला असे नव्हे

नळीच्या टोकावरील आट्यांची मापे ठरलेली असतात. '.२२३' च्या 'एआर' ला अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे, '.३०८' ला पाच-अष्टमांश इंच आणि २४ आटे. 'एकेएम' घराण्याला १४ मिमी व्यासाचे, एक मिमी अंतराचे उलटे आटे. खरेदीदार हे माप पाहतो आणि निश्चिंत होतो. धोका तेथेच आहे. अर्धा इंच-२८ आटे हे माप '.२२' रिमफायरलाही असते, '.२२३' लाही आणि ९ मिमीच्या कित्येक कार्बाइनलाही. '.२२३' चा ब्रेक ९ मिमीच्या नळीवर विनातक्रार फिरून बसतो. त्याचे भोक साडेसहा मिमीही नसते आणि येणारी गोळी नऊ मिमीची. पुढे काय होईल ते सांगावयास नको. उलट मोठ्या भोकाचा ब्रेक लहान गोळीला चालतो, मात्र वायू मधूनच निसटल्याने त्याचा जोर कमी होतो. भोक गोळीच्या व्यासापेक्षा सुमारे अर्धा मिमी मोठे असावे, हे सर्वसाधारण प्रमाण.

बसवतानाही घाई नडते. नळी व्हाइसमध्ये पकडावी. रायफलचा ॲल्युमिनियमचा वरचा सांगाडा पकडून पाना फिरवला तर नळीला जागेवर ठेवणाऱ्या खुंटीची खाच वाकते. खाचा बरोबर आडव्या येण्यासाठी चेपला जाणारा वायसर वापरतात. साध्या ब्रेकला तो पुरतो. पण ब्रेकवर पुढे सायलेन्सर चढवायचा असेल, तर तो वायसर एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त चेपला जाण्याचा संभव असतो. ब्रेकचा एवढासा तिरकेपणा लांब सायलेन्सरच्या टोकाशी मोठा होतो आणि गोळी आतील पडद्याला घासते. तेथे अचूक जाडीच्या पातळ चकत्याच वापराव्यात आणि रिकाम्या रायफलच्या नळीतून सरळ सळई घालून ती ब्रेकच्या भोकाच्या मध्यातून बाहेर येते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. नवे साधन बसवल्यावर गोळी लागण्याची जागा थोडी सरकतेच. नेम पुन्हा जुळवल्याशिवाय मैदान सोडू नये.

सायलेन्सरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी करावी लागते. त्यावरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणी मात्र सुटली नाही. ज्याच्या मनात पुढे सायलेन्सर घेण्याचा विचार आहे, त्याने आधी सायलेन्सर निवडावा आणि मग त्याच कंपनीच्या जोडणीचा ब्रेक. अशा वेळी ब्रेकला एक जादा कामही मिळते. तप्त वायूचा पहिला तडाखा त्याच्या भिंती झेलतात आणि सायलेन्सरचे आयुष्य वाढते.

कायद्याची चौकट

धक्का कमी करणाऱ्या पोलादाच्या तुकड्यावर कायदेमंडळांनी इतका खल केला असेल, असे वाटत नाही. पण केला आहे. १३ सप्टेंबर १९९४ पासून दहा वर्षे अमेरिकेत लागू असलेल्या संघीय बंदीत, सुटे मॅगझिन लागणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलला ठरावीक लक्षणांपैकी दोन असली की ती निषिद्ध ठरत असे. फ्लॅश हायडर हे त्यातील एक लक्षण, हायडर बसेल असे आटे पाडलेली नळी हेही. मझल ब्रेक त्या यादीत नव्हता. परिणामी त्या दशकात उत्पादकांनी नळीवर ब्रेक कायमचा वेल्ड करून रायफली विकल्या. ब्रेकच्या लोकप्रियतेला धक्क्यापेक्षा कायद्याने अधिक हातभार लावला असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

२००४ साली ती बंदी संपली, पण राज्यांचे कायदे राहिले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९९९ साली केलेल्या कायद्याने फ्लॅश हायडरला लक्षण ठरवले, ब्रेकला नाही. मात्र तेथील नियमांनुसार ज्वाळा कमी करण्याचा दावा करणारे किंवा तसे काम करणारे संकरित साधनही हायडरच मानले जाते. म्हणजे 'धक्का आणि ज्वाळा दोन्ही कमी' असे वेष्टनावरचे एक वाक्य खरेदीदाराला अडचणीत आणू शकते.

न्यूयॉर्कने २०१३ साली याच्या उलट मार्ग घेतला आणि ब्रेकलाही यादीत घातले. त्यात एक गंमत झाली. कायद्याच्या मसुद्यात 'थांबवणे' या अर्थाच्या 'ब्रेक'ऐवजी 'मोडणे' या अर्थाच्या 'ब्रेक'चे स्पेलिंग पडले. बफेलोच्या संघीय न्यायालयाने त्याच वर्षाच्या अखेरीस हा शब्द संदिग्ध म्हणून ती तरतूद रद्द केली. २०१५ साली अपील न्यायालयाने ही स्पष्टच लेखनचूक असल्याचे सांगून तो निर्णय फिरवला. मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, त्यामुळे आपल्या विधिमंडळावर हा प्रसंग ओढवला नसता!

संघीय पातळीवर आणखी दोन अटी आहेत. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर तिची वेगळी नोंदणी लागते. ती न करता अशी रायफल बाळगण्यास दहा वर्षांपर्यंतचा कारावास सांगितला आहे. टोकाचे साधन लांबीत धरले जाते, पण कायमचे जोडलेले असेल तरच. साडेचौदा इंची नळीवर लांब ब्रेक बसवून, आडवी खुंटी ठोकून वर वेल्ड केले तर लांबी पूर्ण होते. नुसता फिरवून बसवला तर होत नाही. दुसरी अट आयात रायफलींची. ठरलेल्या २० भागांपैकी दहाहून अधिक परदेशी भाग वापरून काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफली जोडता येत नाहीत आणि तोंडावरील साधन हा त्या वीसपैकी एक भाग आहे. अमेरिकी बनावटीचा ब्रेक काढून हौसेने मूळ रशियन किंवा रुमानियन ब्रेक बसवणारा नकळत ही मर्यादा ओलांडू शकतो.

मराठी माणसाने येथे काय पाहावे

टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा न्यूजर्सीत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी तरुणांपैकी काही जण तेथील मित्रांबरोबर नेमबाजी केंद्रात जातात, रायफलची हौसही धरतात. त्यांनी ब्रेकच्या आधी स्वतःच्या व्हिसाचा विचार करावा. 'एच-१ बी' सारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने शस्त्र व काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे यांसारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून तपासून घ्यावेत. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई नाही.

सुट्टीवर येताना असा तुकडा भेट म्हणून बॅगेत टाकणे तर पूर्णतः टाळावे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भाग येतात. आणि आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली साधने तर तीत नाव घेऊन समाविष्ट केलेली आहेत. अमेरिकेत दहा डॉलरला मिळणारा पिंजरा मुंबईच्या विमानतळावर उतरताच कायद्याच्या दृष्टीने बंदुकीच्या पंक्तीला जाऊन बसतो. तो रायफलविना निरुपयोगी आहे, हा खुलासा तेथे कामास येणार नाही.

आपल्याकडील नेमबाजांचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील रायफलींच्या टोकाला पुष्कळदा एक लांब नळकांडे दिसते. ते पाहून हाच तो ब्रेक, अशी अनेकांची समजूत होते. ती नळी नेमाच्या दोन टोकांतील अंतर वाढवण्यासाठी असते आणि तिला एकही छिद्र चालत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्ही निषिद्ध आहेत. अमेरिकेतील रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिहेरी स्पर्धांत ते चालतात, पण तेथेही 'टॅक्टिकल' गटात अनेक ठिकाणी एक इंच व्यास आणि तीन इंच लांबी ही मर्यादा असते. स्पर्धेसाठी ब्रेक घेणाऱ्याने दुकानात जाताना नियमपुस्तिका आणि मोजपट्टी, दोन्ही सोबत ठेवावीत.